आज्ञेचे नाव

श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने बडोद्यात १९३१ साली 'श्रीसयाजी शासन शब्द कल्पतरू' प्रसिद्ध झाला. राज्यकारभारातील इंग्रजी शब्दांपुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी व बंगाली प्रतिशब्द देणारा हा कोश. त्याची खरी किंमत आम्हांस कळली ती संगणकापुढे बसल्यावर.

नव्वदच्या दशकात आमच्या कचेरीत युनिक्स प्रणालीचा संगणक आला. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकावयाची. 'एलएस' म्हणजे यादी दाखव, 'सीपी' म्हणजे प्रत कर, 'एमव्ही' म्हणजे हलव. 'आरएम' हा 'रिमूव्ह'चा संक्षेप, असे शिक्षणवर्गात सांगितले होते. आमच्या कानाला रिमूव्ह म्हणजे बाजूला काढणे! जुन्या याद्या बाजूला काढाव्यात म्हणून आम्ही ती आज्ञा दिली. यंत्राने काही विचारले नाही, काही सांगितलेही नाही. निवृत्तिवेतनाच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. दोन कारकुनांसह आम्ही कित्येक रात्री नोंदवहीवरून त्या पुन्हा भरल्या. त्या महिन्यात काही वृद्धांचे पैसे लांबले. एक विधवा बाई रोज येऊन बाहेरच्या बाकावर बसत. त्यांना काय सांगावयाचे? दोन अक्षरांची चूक झाली म्हणून?

कचेरीच्या भाषेत असा घोटाळा झाला नसता. कागद 'दप्तरी दाखल' करणे निराळे आणि 'नष्ट' करणे निराळे. दुसऱ्यासाठी वरिष्ठांची सही लागते.

युनिक्सकारांची बाजूही न्याय्य आहे. १९६९ साली बेल प्रयोगशाळेत तिचा जन्म झाला, आणि त्या काळचे टेलिटाइप यंत्र सेकंदाला जेमतेम दहा अक्षरे उमटवी. तिथे लांब नाव कोण टंकणार? पण काटकसरही कधी कधी हट्टाची होते. फाइल निर्माण करणाऱ्या सिस्टिम कॉलचे नाव तिथे 'क्रिएट'मधले शेवटचे इंग्रजी 'ई' गाळून ठेवले गेले. पुन्हा युनिक्स रचली तर काय बदलाल, असे विचारता केन थॉम्पसन यांनी ते 'ई' परत घालीन, असे सांगितल्याचे प्रसिद्ध आहे.

२००६ साली मायक्रोसॉफ्टच्या पॉवरशेलने दुसरी वाट धरली: आधी क्रियापद, मग नाम, आणि क्रियापदे मान्य यादीतलीच घ्यावीत असा संकेत. 'गेट' म्हणजे आणून दाखव, मग वस्तू कोणतीही असो. आम्हांस तत्काळ कल्पतरू आठवला. सरावलेल्यांसाठी तिथे आखूड टोपणनावेही ठेवली आहेत, हे शहाणपणाचे. मात्र तिथेही पुसण्याच्या आज्ञेत 'रिमूव्ह'च!

परवा भाच्याने स्वतः रचलेले एक साधन दाखविले. त्यातील एका आज्ञेचे नाव 'क्लीन'. आम्ही विचारले, "काय साफ होते रे यात?"

"जुन्या नोंदी पुसल्या जातात, मामा."

"मग पुसतो असेच म्हण ना."

त्याने हसून नाव बदलले. पुसण्यापूर्वी एकदा विचारावे, एवढेही त्याच्याकडून लिहवून घेतले.