कवच कोणाचें?

घरांत नवी वस्तु आली कीं तिच्याभोंवतीं आवरण घालण्याची बुद्धि आम्हां लोकांस लगेच होते. पुस्तकाला वेष्टण, पेटीला गवसणी, पोथीला रेशमी रुमाल, हें आपण पिढ्यान् पिढ्या करीत आलों. त्याच न्यायानें मोटारसायकलीलाही कवच हवें, असें आमच्या नातवाच्या मनानें घेतलें. आणि तें कार्बन फायबराचें असावें कीं धातूचें, याचा खल महिनाभर आमच्या पंक्तीला चालला. ज्यांच्या घरीं मोटारसायकल आहे अशा वाचकांपुढेंही हा प्रश्न केव्हां तरी येणारच. म्हणून त्या वादांतून निघालेलें सार येथें मांडीत आहों.

कवच निवडावयाचें तें शत्रु पाहून. आमचा नातू रायगडाच्या पायथ्याशीं हिरकणीवाडीस यात्रेकरूंच्या निवासाची व्यवस्था पाहतो. गडावर जाणारा रज्जुमार्ग १९९६ सालीं याच वाडींतून सुरू झाला, तेव्हांपासून तेथें वर्दळ पुष्कळ आहे. महाडाहून वाडी सुमारें २५ किलोमीटर. वाटेंत कोंझर आणि पाचाड लागतात. महाड-पोलादपुराकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. डोंगरांतून वाहून आलेली खडी वळणावर पसरते, शेवाळलेल्या कडेवरून चाक घसरतें, आणि पाण्यानें भरलेला खड्डा किती खोल आहे हें चाक आंत गेल्यावरच कळतें. इंजिनाच्या पोटाला दगड लागणें आणि मंद चालींत गाडी कुशीवर पडणें, हीं येथील दोन मुख्य भयें.

कार्बन फायबर म्हणजे काय, असें घरांतील वडील मंडळींनीं विचारलें, तेव्हां आम्हीं त्यांस कुडाच्या भिंतीचा दृष्टांत दिला. कारवीच्या काठ्या बांधून त्यांवर शेणमातीचा गिलावा केला म्हणजे कूड होतो. नुसती कारवी वाऱ्यानें हलते, नुसती माती पावसानें ढांसळते. दोहोंच्या संयोगानें भिंत उभी राहते. कार्बन फायबरांत कारवीच्या जागीं कार्बनाचे तंतु असतात. एका कृत्रिम धाग्याला हवा न लागूं देतां हजार अंशांहून अधिक उष्णता दिली म्हणजे त्यांतील इतर द्रव्यें निघून जाऊन बहुतेक कार्बनच उरतो. हा तंतु आपल्या केसाच्या सुमारें दशांशाइतका बारीक असतो. त्याचें कापड विणून, कृत्रिम राळेंत भिजवून, साच्यांत कठीण करितात. तेवढ्याच आकाराच्या ॲल्युमिनियमाच्या तुलनेनें त्याचें वजन सुमारें तीन-पंचमांश, आणि पोलादाच्या तुलनेनें सुमारें एक-पंचमांश भरतें. या लाघवाबद्दल त्याची कीर्ति आहे, आणि ती यथार्थ आहे.

नातवानें याला जोड म्हणून इतिहासही सांगितला. १९८१ सालीं मॅक्लारेन या इंग्रज मंडळीनें शर्यतीच्या मोटारीचा मुख्य सांगाडा कार्बन फायबराचा केला. त्याच वर्षीं इटलींत मोंझा येथें ती मोटार आदळून मोडली, तरी चालक जॉन वॉटसन सुखरूप बाहेर आला. "आतां बोला, आजोबा!" असें म्हणून त्यानें आमच्याकडे पाहिलें. आम्ही म्हणालों, "अरे, त्या मोटारींत माणूस कवचाच्या आंत बसला होता. तुझ्या गाडीवर तूं कवचाच्या बाहेर बसतोस!"

दुसरा मुद्दा, पदार्थ हार कसा मानतो. लोखंडाला वा ॲल्युमिनियमाला धक्का बसला तर तें वांकतें, पोंचतें, आणि डोळ्यांना आपली दशा सांगतें. कार्बन फायबर शेवटपर्यंत ताठ राहतें आणि मग एकदम तडकतें. कित्येकदां वरून तें अखंड दिसतें, पण आंतील थर एकमेकांपासून सुटलेले असतात. वांकलेली लोखंडी नळी वेल्डिंगवाला तासाभरांत सरळ करून देतो. तडकलेलें कार्बनाचें आवरण नीट जोडणारा कारागीर तालुक्याच्या गांवीं सहसा भेटत नाहीं. शिवाय कार्बनांतून वीज वाहते. ओलाव्यांत तो ॲल्युमिनियमाला चिकटून राहिला तर ॲल्युमिनियम झिजूं लागतें. म्हणून मध्यें रबराची किंवा प्लास्टिकची चकती घालावी लागते. चार महिने ओल्या राहणाऱ्या मुलखांत ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

धातूचेही दोष आहेत. साधें लोखंड चिखल साचतो त्या जागीं आंतून गंजतें. म्हणून पावसाळ्यांत तें आठवड्याला धुवावें आणि रंगाचा पोपडा निघाला कीं लगेच रंगवावें. इंजिनाखालच्या पत्र्याला पाणी निघून जाण्यास भोकें हवींत, आणि तेल काढण्याचा बोल्ट उघडा राहिला पाहिजे. हवेनें थंड होणाऱ्या इंजिनाचे पंख झांकून टाकणें म्हणजे ज्वर आलेल्या माणसावर घोंगडी घालणें होय. पायांपुढचा गार्डही फार जाड नसावा. तो न वांकतां तसाच राहिला तर सारा धक्का गाडीच्या सांगाड्याला पोंचतो, आणि गार्ड वांचून सांगाडा वांकतो.

आणखी एक सूचना. बाजारांत कार्बन म्हणून विकली जाणारीं पुष्कळ आवरणें प्रत्यक्षांत प्लास्टिकचीं असून त्यांवर विणीचें चित्र छापलेलें असतें. कडेशीं आणि मागच्या बाजूला पाहावें. खरी वीण तेथेंही दिसते. चित्राला खऱ्याचें मोल देऊं नये.

परंतु या वादाचें मर्म निराळेंच निघालें. नातवाच्या यादींत शेवटचें कलम होतें तें असें: मागच्या चाकाजवळ कार्बनाचें शोभेचें आवरण बसवावयाचें, आणि त्यासाठीं साडीगार्ड काढून टाकावयाचा, कारण तो 'जुनाट दिसतो'. तोंवर आमची नातसून निमूटपणें वाढीत होती. ती थांबून म्हणाली, "आजोबा, इंजिनाला ओरखडा उठला तर पुसतां येईल. माझा पदर चाकांत गेला तर काय पुसायचें?" पंक्तींत कोणीच बोललें नाहीं. रविवारीं तीही त्याच गाडीवर मागें बसून वाडीस जाते.

साडीगार्ड ही कोणा आजीबाईची हौस नव्हे. केंद्रीय मोटारवाहन नियम, १९८९ यांतील १२३ व्या नियमानें मागें बसणाऱ्यासाठीं धरावयास मूठ, पाय ठेवण्यास जागा, आणि वस्त्र चाकांत गुंतूं नये म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झांकणारें साधन असलें पाहिजे, असें सांगितलें आहे. पदर, ओढणी, उपरणें यांना चाकाची गति कळत नाहीं. आणि गुंतल्यावर सोडविण्यास वेळ राहत नाहीं.

कवचाचा धर्म स्वतः मोडून आंतील जीवाला राखण्याचा आहे. हेल्मेटच्या आंतील थर्मोकोलासारखा थर आघातानें चेंगरतो, म्हणूनच डोकें वांचतें. आणि म्हणूनच एकदां जोरानें आपटलेलें हेल्मेट, वरून कितीही सुंदर दिसलें तरी, टाकून द्यावें. कर्णाचें कवच त्याच्या देहाबरोबर जन्मलें होतें. आपणां इतरांना तें विकत आणून रोज आठवणीनें घालावें लागतें.

अखेर ठरलें तें असें. इंजिनाखालीं ॲल्युमिनियमाचा जाड पत्रा, पायांपुढें बेताच्या जाडीचा लोखंडी गार्ड, साडीगार्ड जागच्या जागीं, आणि कार्बनाच्या आवरणांचा जो पैसा वांचला त्यांतून दोन उत्तम हेल्मेटें. एक नातवाला, एक नातसुनेला. सायलेन्सरवर कार्बनाची एक लहानशी पट्टी लावूं का, असें नातवानें हळूच विचारलें. खुशाल लाव, असें आम्हीं सांगितलें. तरुणांना शोभा हवीच. ती रक्षणाच्या जागीं येऊन बसली नाहीं म्हणजे झालें. लेंकराच्या ओढीनें रात्रीं कडा उतरून घरीं पोंचलेल्या आईचें नांव ज्या वाडीला आहे, तेथून सुटणाऱ्या गाडीनें प्रथम माणसें घरीं आणावींत. इंजिनावरील चकाकीचा विचार त्यानंतर.