रेवड्यांच्या कुस्त्या

खान्देशात कुस्तीची आठवण सांगणारा माणूस आधी आपली जागा सांगतो. "मी डफवाल्याच्या मागं होतो." "मी लिंबाच्या दुबेळक्यात बसलेलो." "आमची गाडी उगवतीला सोडलेली, तिच्या जुवावर उभा होतो." डाव कोणता पडला, किती वेळ खडाखडी चालली, कोणता खांदा आधी मातीला लागला, हे सगळं त्यानंतर. ऐकणाराही कच्चा नसतो. तो मध्येच विचारतो, "मंग ऊन कोणत्या अंगानं होतं?" उत्तर चुकलं की गडी तिथं नव्हताच, हे ठरून जातं. पुढची गोष्ट तो ऐकून घेतो, पण मानत नाही.

विजय चौधरीचं नाव निघालं की ही उलटतपासणी आणखी कडक होते. तो चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा, आणि त्याला 'आपण पाहिलाय' म्हणणारे पार धुळ्यात पांझरेच्या काठापर्यंत पसरलेले. २०१४ साली अहमदनगरला सचिन येलभरला हरवून त्यानं महाराष्ट्र केसरीची गदा घेतली. २०१५ च्या नागपूरच्या स्पर्धेत समोर विक्रांत जाधव होता, २०१६ साली पुण्यात वारज्याला अभिजित कटके. तिन्ही वेळा गदा चाळीसगावकडंच आली. सलग तीनदा हा किताब त्याच्याआधी नरसिंग यादवनं मिळवला होता, २०११, २०१२ आणि २०१३ साली. म्हणजे ओळीनं सहा वर्षं महाराष्ट्राची गदा दोनच खांद्यांवर होती आणि त्यातला एक खांदा गिरणेच्या खोऱ्यातला.

आम्हाला याचं एवढं अप्रूप का, हे बाहेरच्याला चटकन कळत नाही. कुस्ती म्हटलं की महाराष्ट्राचं बोट दक्षिणेकडं जातं. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबागचं मैदान कोल्हापुरात. खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले ते कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरला. वस्ताद तिकडचे, तालमी तिकडच्या, खुराकाच्या कथाही तिकडच्याच. आमची ओळख कापूस, केळी आणि वांग्याचं भरीत. खान्देशी माणसाला कुस्तीतलं कळतं हे सांगायला गेलं की समोरचा मान डोलवायचा आणि विषय बदलायचा.

तरी केसरीचा मांडव आमच्या दारात पडला नव्हता असं नाही. ही स्पर्धा १९६१ मध्ये औरंगाबादला सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी धुळ्याला भरली. तिथं भगवान मोरे जिंकले. १९६६ साली जळगावला दीनानाथ सिंह महाराष्ट्र केसरी झाले. १९७७ मध्ये खुद्द चाळीसगावात मैदान झालं आणि त्या साली निकालच लागला नाही. किताबाच्या यादीत त्या वर्षापुढं कुणाचंच नाव नाही. तीनदा आम्ही यजमान झालो. पाहुण्यांना शेवभाजी वाढली, दुसऱ्यांच्या पैलवानांसाठी घसे बसवले आणि मांडव सोडून घरी गेलो. चाळीसगावच्या जुन्या शौकिनांना ते अनिर्णित साल फार बोचतं. आपल्या गावात गदा आली आणि कुणाच्याच हातात न जाता परत गेली, ही गोष्ट ते अजून हळू आवाजात सांगतात. त्यानंतर ३७ वर्षांनी त्याच तालुक्यातल्या पोरानं ती ओढून आणली तेव्हा एक म्हातारा एवढंच म्हणाला, "उसनं फिटलं."

पण केसरीच्या मैदानात पैलवान फक्त शेवटी पोचतो. तो घडतो गावच्या यात्रेत, आणि आमच्या चाहत्यांच्या निम्म्या आठवणी तिथल्या आहेत. चैत्र-वैशाखात कापूस विकून झालेला असतो, रान मोकळं असतं आणि जळगाव-भुसावळकडं पारा ४५ ला टेकायला निघालेला असतो. पहिल्या दिवशी सांजच्याला बारागाड्या. एकामागं एक बांधलेल्या गाड्या, त्यांवर चढून बसलेलं निम्मं गाव आणि पुढं भंडाऱ्यानं पिवळा झालेला भगत. रात्री तमाशा. दुसऱ्या दिवशी दुपारी दंगल. गावालगतचं एखादं शेत नांगरून, ढेकळं फोडून, पाणी शिंपडून हौदा केलेला असतो. आमची काळी माती पायाला धरून ठेवते, अंगाला लागली की सुकून पोपडे धरते. या मातीत पट काढायला शिकलेल्या पोराला पुढं तालमीतली मऊ लाल माती मिळाली की तो पळतच सुटतो, असं जुने लोक अभिमानानं सांगतात. ते कितपत खरं ते वस्तादांना ठाऊक. ऐकायला मात्र बरं वाटतं.

दंगल सुरू होते ती रेवड्यांच्या कुस्त्यांनी. सात-आठ वर्षांची पोरं, लंगोट सैल, गुडघे खरचटलेले. पंच त्यांना हाताला धरून आणतो, एकमेकांसमोर उभं करतो आणि बाजूला होतो. पोरं काही क्षण नुसती बघत राहतात. मग एकाला आपला बाप गर्दीत दिसतो आणि तो डोकं खाली घालून समोरच्याच्या पोटात घुसतो. जिंकणाऱ्याच्या ओंजळीत रेवड्या, हरणाऱ्याच्या ओंजळीतही थोड्या. यानंतर इनाम वाढत जातं. अकरा रुपये, एक्कावन्न, मग पातेलं, मग हंडा, मग हजारांच्या कुस्त्या. लाऊडस्पीकरवर पुकारा चालू असतो, या जोडीवर अमुक आप्पांकडून पाचशे, तमुक भाऊंकडून आणखी दोनशे. दोन अनोळखी पैलवानांना हात धरून हौद्याभोवती फिरवतात आणि जोड जमते की नाही हे गर्दी ठरवते. वजन दिसतं, मान दिसते, मोडलेले कान दिसतात. "नही जमत, तो भारी शे!" कुणीतरी ओरडतं आणि जोड मोडते. शेवटची मानाची कुस्ती लागते तेव्हा सूर्य कलंडलेला असतो आणि गर्दी दुपटीनं वाढलेली असते.

अहिराणीत कुस्ती बघणं हा वेगळाच प्रकार आहे. पुस्तकी मराठीत 'चितपट' म्हणून मोकळं होता येतं. इथं, "लागनी, लागनी पाठ!" असा एक गलका उठतो आणि समोरून दुसरा, "नही लागनी!" त्या दोन गलक्यांच्या मध्ये पंच उभा. बसलेल्या माणसांचे खांदे पैलवानाबरोबर वळतात. कुणी शेजाऱ्याचा दंड धरून ढाक लावतो, कुणाच्या मांड्या घिस्सा पडायच्या आधीच ताठ होतात. कुस्ती संपली की हौद्यातले दोघं शांतपणे हात मिळवतात आणि बाहेर बघणारे दोघं अजून एकमेकांच्या सदऱ्याला धरून असतात. पैलवानाचा चाहता असणं हे आमच्याकडं अंगमेहनतीचं काम आहे.

बायकांच्या आठवणी निराळ्या. त्या दंगलीला सहसा नसतात, फार तर धाब्यावरून बघतात. त्यांना पैलवान खुराकावरून आठवतो. घरात एक पोरगा तालमीला लागला की दुभती म्हैस विकायची नाही, हा पहिला नियम. दूध त्याचं, तूप त्याचं, बदाम त्याचे, आणि कापसाला भाव आला नाही तरी यातलं काही तुटायला नको. डावाचं नाव न घेता कुठलीही मोठी माय सांगेल की गावातल्या कोणत्या घरानं कोणत्या साली काय विकून पोराला पुण्याला पाठवलं. माझ्या मते कुस्तीचा खरा जमाखर्च याच आठवणींत आहे. गदेची चांदी सगळ्यांना दिसते. गोठ्यातून गेलेली गाय फक्त त्यांना दिसते.

विजयच्या काळात आठवण ठेवण्याची रीतही बदलली. महाराष्ट्र केसरीत आता माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी गादीवर भिडतात. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुणांचा फलक. निकाली कुस्तीवर वाढलेल्या शौकिनाला हे गुणांचं गणित पचायला जड गेलं. "पाठ लागल्याशिवाय कसला जिंकला?" असं म्हणत म्हणत तोच वारज्याच्या कुस्तीतला एकेक गुण बोटांवर मोजत होता. नव्या पोरांकडं ही कुस्ती मोबाइलमध्ये आहे. हवी तेव्हा लावतात, थांबवतात, मागं नेतात. चित्रफितीतली कुस्ती दर वेळी तीच निघते. म्हाताऱ्याच्या तोंडची कुस्ती दर यात्रेला जराशी लांबते, समोरचा पैलवान चार-पाच किलोनं वाढतो आणि ऊन आणखी तापतं. मला दोन्ही हव्यात. एकीवरून काय घडलं ते कळतं आणि दुसरीवरून गावाला ते काय वाटलं ते.

'मी तिथं होतो' म्हणायची ही हौस एकट्या खान्देशाची नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्नकडं त्यांचा स्वतःचा एक फुटबॉल आहे. लंबगोल चेंडू, लंबगोल मैदान, एका बाजूला १८ गडी आणि चेंडू हातानं झेलायलाही मुभा. १९७० सालचा अंतिम सामना बघायला तिथल्या क्रिकेट मैदानावर १,२१,६९६ माणसं जमली होती. मध्यंतराला कॉलिंगवूडचा संघ ४४ गुणांनी पुढं होता, तरी कार्लटननं सामना १० गुणांनी मारला. अशा सामन्यातलंही चाहते जिवाभावानं सांगतात ते ॲलेक्स जेसोलेंकोची उडी. समोरच्या संघातल्या जेन्किनच्या खांद्यांवर चढून त्यानं हवेतल्या हवेत चेंडू झेलला होता. हा जेसोलेंको जन्मला ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला, युद्धानंतर देशोधडीला लागलेल्या आईबापांच्या पोटी, आणि लहानपणी ऑस्ट्रेलियात आला. सव्वा लाखांच्या गर्दीत 'मी होतो' म्हणणं सोपं आहे. पण परक्या मुलखातून आलेलं ते पोरगं पहिल्यांदा तो लंबगोल चेंडू झेलायला धडपडत होतं, तेव्हा कठड्याला टेकून किती जण उभे असतील? मेलबर्नचा शौकीन आणि चाळीसगावचा शौकीन एका फडात बसले तर भाषा कळली नाही तरी एकमेकांना जागा नक्की विचारतील.

विजय पुढं पोलीस उपअधीक्षक झाला. २०२३ साली कॅनडातल्या विनिपेगला जगभरच्या पोलीस आणि अग्निशमन दलांच्या स्पर्धा झाल्या, तिथं त्यानं १२५ किलो गटात सुवर्णपदक घेतलं. विनिपेगच्या मैदानात आमच्यापैकी कुणी नव्हतं. ऊन कोणत्या अंगानं होतं, हे कुणालाच सांगता आलं नाही. तरी बातमी आली त्या दिवशी जो तो आपली जुनी जागा पुन्हा सांगू लागला. हा म्हणे त्याला पोरवयात बघितला, तो म्हणे त्याच्या पहिल्या मोठ्या कुस्तीला आपण पाचशे लावले. 'लहानपणी पाहिलाय' यापेक्षा मोठा किताब आमच्या शौकिनांत नाही. केसरी झाल्यावर हार घालायला कुणीही जातं. त्याच्या ओंजळीत रेवड्या होत्या तेव्हा कोण होतं, हा खरा प्रश्न.

आणि इथंच आपली पंचाईत होते. अलीकडं यात्रेत दंगल बघायला माणसं येतात ती पाच वाजता, मानाच्या कुस्तीला. दुपारी दोनला रेवड्यांच्या कुस्त्या लागतात तेव्हा हौद्याभोवती पोरांचे बाप, दोन-चार वस्ताद, डफवाला आणि हट्टानं उन्हात बसलेले म्हातारे असतात. पोरगं पहिल्यांदा कुणाची तरी पाठ लावून वर बघतं आणि टाळ्या वाजवायला तिथं माणूसच नसतं. ज्याला दुपारी कुणी पाहिलं नाही, ते पोरगं पुढच्या वर्षी लंगोट बांधेलच असं नाही. आई-बापही मग म्हशीचा हिशेब करू लागतात. पुढच्या केसरीबद्दल 'आपला पोऱ्या शे' म्हणायची हौस आपल्या सगळ्यांनाच आहे. ती फुकट मिळत नाही.

तेव्हा या वैशाखात गावच्या यात्रेला जाणार असाल तर डोक्याला रुमाल बांधून दुपारी दोनलाच जा, आणि पुकारा करायचाच असेल तर पहिले एक्कावन्न रुपये रेवडीच्या कुस्तीवर लावा.