तळोज्याचा जबडा

बेलापूरहून मेट्रोने पेंधरला उतरावे आणि रिक्षा करून तळोजे गाठावे, इतका हा प्रवास २०२३ पासून सोपा झाला आहे. एकीकडे कारखान्यांची धुराडी, दुसरीकडे नव्या इमारती, आणि त्यांच्या पायथ्याशी खाडीचा जुना काळा चिखल.

धाकट्या बहिणीच्या घरामागे पाण्याच्या टाकीसाठी खड्डा खणीत होते. पुरुषभर खोलीवर बैलाचा खालचा जबडा निघाला, दाढांसकट! शिसवी लाकडासारखा काळाभोर. मला जुन्यापान्या वस्तूंचे वेड. मी तो नळाखाली खसाखसा धुतला आणि गच्चीवर आश्विनाच्या उन्हात ठेवला.

"दादा, ऐन दिवाळीच्या तोंडावर घरात हाडूक कसलं आणतोस?" बहीण म्हणाली.

संध्याकाळी पाहतो तो काय, जबडा उभा तडकलेला, दाढांच्या चिरफळ्या झालेल्या, पापुद्रे सुटलेले!

पुण्याला पुरातत्त्वातले एक स्नेही आहेत. फोनवर त्यांनी आधी मला यथेच्छ झापले आणि मग समजावले. हाडातली खनिजे बांधून ठेवतो तो सरस. ओल्या जमिनीत तो हळूहळू झिजतो आणि त्याची जागा पाणी घेते. हाडाचा आकार टिकतो तो त्या पाण्याच्या आधारावर. उन्हाने ते एकदम ओढून घेतले की बाहेरचा भाग आक्रसतो, आतला ओलाच राहतो, आणि हाड फुटते. त्यातून खाडीचे हाड! सुकताना त्यातल्या मिठाचे खडे बनतात आणि पृष्ठभाग उचकटतात.

माझा ब्रशही त्यांना रुचला नाही. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने घोड नदीकाठचे इनामगाव खणले. तीन हजार वर्षांपूर्वीचे तिथले शेतकरी कोणती जनावरे पाळीत आणि काय खात, हे पुष्कळसे हाडांवरूनच कळले. हाडावरची सुरीची बारीकशी खूणही तिथे पुरावा ठरते. माझ्या ब्रशाने तसल्या किती खुणा पुसल्या असतील, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी त्याच खड्ड्यातून पायाचे एक हाड निघाले. या वेळी खोली आणि जागा आधी टिपून घेतली. चिखल मऊ कुंचल्याने, पाण्यातच सोडवला. मग बादली सावलीत ठेवून रोज गोडे पाणी बदलू लागलो. भाचा रसायनशास्त्राचा विद्यार्थी. तो काढलेल्या पाण्याच्या नमुन्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकतो. पाणी दुधाळ झाले की समजावे, मीठ अजून आहे. ते संपले की शेवटी ऊर्ध्वपातित पाणी, आणि मग ओल्या फडक्याखाली, प्लॅस्टिकची पिशवी जराशी उघडी ठेवून, आठवडेच्या आठवडे सावलीत सुकवणे. हाड फारच पोचट निघाले तर पातळ राळ पाजावी लागते. पण ते काम जाणत्याचे. शिवाय वय काढायचे असेल तर एक तुकडा राळेवाचून राखावा लागतो.

आज नरकचतुर्दशी. पहाटे अभ्यंगस्नानाला न्हाणीत गेलो, तर बहिणीने बादली कोपऱ्यात सरकवून वर ताट झाकलेले.

"पाणी बदललंय हो मी," ती म्हणाली. "अजून दुधाळच होतंय म्हणे."