पावणेतीन मिलिमीटर

दौंडच्या रेल्वे कॉलनीत रात्री-अपरात्री कॉलबॉय यायचा, कडी वाजवायचा आणि अण्णांचं नाव घेऊन ड्यूटीची वेळ सांगायचा. मग पांघरुणात पडल्या पडल्या मला ऐकू यायचं ते सगळं ठरलेलं: स्टोव्हला मारलेला पंप, पत्र्याच्या पेटीचं झाकण, दार. अण्णा तेव्हा सेकंड फायरमन होते, म्हणजे टेंडरवर उभं राहून कोळसा फोडायचा आणि पुढं सारायचा. घरी आले की सदरा अंगणातच उतरवायचे. त्या सदऱ्याचा वास आणि डब्ल्यूजी इंजिन, माझ्या डोक्यात दोन्ही एकच.

खंडेनवमीला मात्र आम्हा पोरांना शेडमध्ये सोडत. इंजिनाला झेंडूचे हार, बफरवर हळदीकुंकू. माझी नजर जायची ती चाकांकडे. पाच फुटांहून थोडं मोठं चाक, माझ्या डोक्यावरून जाणारं, आणि तशी एका बाजूला चार.

डब्ल्यूजी ही काही मिरवणारी बाई नव्हे. तिची बहीण डब्ल्यूपी. गोल नाकाची, नाकावर चांदणी लावून मेल-एक्स्प्रेस ओढायची. डब्ल्यूजी मालगाड्यांची. बॉयलर दोघींचा एकच. 1950 मध्ये चित्तरंजनच्या कारखान्यातून पहिलं इंजिन बाहेर पडलं, ‘देशबंधू’, ते डब्ल्यूजीच होतं. 1970 मध्ये तिथलं ब्रॉडगेजचं शेवटचं वाफेचं इंजिन निघालं, ‘अंतिम सितारा’, तेही डब्ल्यूजीच. मधल्या वीस वर्षांत देशीपरदेशी कारखान्यांनी मिळून 2450 बांधली. इतकी बांधूनही खेळण्यांच्या दुकानात तिचं पिल्लू मला कधी दिसलं नाही. जत्रेत मिळालेलं पत्र्याचं लाल इंजिन मी दोन दिवसांत भावाला देऊन टाकलं. त्याला चाकं चारच होती.

निवृत्त झालो त्या वर्षी अमेरिकेतल्या भाच्यानं खोकं आणलं. आत एकास सत्त्याऐंशी मापाचं अमेरिकन मिकाडो इंजिन: पुढं दोन छोटी चाकं, मध्ये आठ मोठी, मागं परत दोन. डब्ल्यूजीचीही हीच मांडणी. (मिकाडो हा जपानचा सम्राट. 1897 मध्ये बाल्डविन कंपनीनं जपानसाठी अशी इंजिनं बांधली, त्यावरून हे नाव पडलं.) अमेरिकनचं मोठं चाक 63 इंची, आमचं साडेएकसष्ट. सत्त्याऐंशीनं भागल्यावर फरक अर्धा मिलिमीटरही उरत नाही. त्या रात्री मला झोप आली नाही.

सकाळी सुई-कानशीनं बॉयलरवरची घंटा उडवली. नव्या कोऱ्या वस्तूवर कानस चालवताना हात कापतो. घंटेच्या जागी भोक राहिलं, ते भरलं. वाळूचा घुमट कापताना पातं घसरून बॉयलरवर ओरखडा उठला, तो आजही आहे. अमेरिकन कपलर काढून बफर बसवले, चपट्या डोक्याच्या चार खिळ्यांचे. जळलेल्या पंख्याच्या मोटारीतली तांब्याची तार इंजेक्टरच्या नळ्यांना, गिटारची तार कठड्याला. मापं घ्यायला एका स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर ठेवलेल्या डब्ल्यूजीला टेप लावून आलो. या चौथऱ्यावरच्या इंजिनांना वरातीच्या घोड्यासारखं का नटवतात कळत नाही. माझी मी काळी केली, आणि काळ्यावर राख, गंज, तेल. टेंडरमध्ये खरा कोळसा कुटून टाकला.

आठ महिन्यांनी ती अण्णांसमोर ठेवली. अण्णा अठ्ठ्याऐंशीचे, नोकरीची शेवटची पंधरा वर्षं ड्रायव्हर म्हणून काढलेली. चष्मा पुसून टेबलाशी वाकले, समोरून बघितलं आणि म्हणाले, “ही मीटरगेजची का?”

मी गप्प. बरोबर बोट ठेवलं होतं. अमेरिकन रूळ 1435 मिलिमीटरचा, सत्त्याऐंशीनं भागला की साडेसोळा. आपला ब्रॉडगेज 1676, म्हणजे सव्वाएकोणीस. पावणेतीन मिलिमीटर कमी पडत होते. ते मला ठाऊक होतं. कुणाच्या लक्षात येणार, म्हणून सोडून दिलं होतं. पण समोरून पाहिलं की ती पाय जवळ घेऊन उभी होती. डब्ल्यूजी फाकून उभी राहते.

मग सगळं उघडलं. लांब आस केले, सिलिंडर दोन्हीकडं थोडे बाहेर सरकवले. खरी परीक्षा चाकं परत बसवण्याची. डाव्या चाकाची क्रँक पिन उजवीच्या काटकोनात हवी, म्हणजे एका बाजूचा दांडा टोकाला जाऊन अडला तरी दुसऱ्या बाजूचा जोर लावतो. चार आसांपैकी एकाचाही कोन केसभर चुकला की साइड रॉड धरतात. माझे तीनदा चुकले. चौथ्यांदा चालली, पण बदकासारखी, पाचव्यांदा सरळ. या मापाचा रूळ बाजारात नाही, म्हणून पट्ट्यांवर दोन फूट रूळ स्वतः झाळला. माझी डब्ल्यूजी जगात तेवढ्याच दोन फुटांवर चालते.

अण्णा परत वाकले. या वेळी समोरून काही बोलले नाहीत. बाजूला आले, कॅबमध्ये डोकावले. तिथं तीन माणसं उभी केली होती, मागचा फावडेवाला.

“जरा पुढं घे,” ते म्हणाले. मी कंट्रोलरची कळ फिरवली. “अजून. अजून थोडी.” दांडे खालून वर येत होते. “बस.”

मी थांबवली. त्यांनी साइड रॉडकडं बोट केलं.

“आता तेल घालता येईल.”