वाऱ्याची जाळी आणि पुढची सीट



चातुर्मास संपत आला की आमच्या घरी कचनेरचे वेध लागतात. पहाटे जालन्याहून निघायचं, चिंतामणी पार्श्वनाथांचं दर्शन घ्यायचं आणि दिवस मावळायच्या आत घरी येऊन जेवायचं, हा सासूबाईंचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. यंदा त्यात एक नवी गोष्ट आली. ह्यांनी हौसेने घेतलेली जीप. छत ताडपत्रीचं, मागे दुमडलं की वर नुसतं आभाळ. दारं तीनच. मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं.

छत लावूनच जाऊ, असं मी म्हणाले. पण अठ्ठ्याहत्तरीच्या सासूबाईच हट्टाला पेटल्या. "अगं, लग्नानंतर पहिल्यांदा कचनेरला गेले ती बैलगाडीतून. वर आभाळ दिसायचं. आता काचेतनंच बघायचं का सगळं?"

म्हणून यात्रेआधी एका रविवारी बदनापूरपर्यंत फेरी मारली. हे आणि मी पुढे, सासूबाई मागे. वारा समोरून येईल म्हणून मी पदर डोक्यावरून घेऊन पुढे धरला होता. गाडीने वेग घेतला आणि पदर मागे उडायच्या ऐवजी माझ्याच तोंडावर आला! केसही पुढे. मानेवर मागून थंड झोत. घरी पोचेपर्यंत मान आखडली.

मुलाने कारण समजावलं. पुढची काच वारा वर उचलते. काचेमागे पोकळी होते आणि ती भरायला मागची हवा सीटांवरून उलटी पुढे धावते. पावसाळ्यात कुंडलिकेला पाणी आलं की मोठ्या दगडामागे ते उलटं फिरताना दिसतं ना, तसंच. हे सगळ्याच उघड्या गाड्यांमध्ये होतं. त्यावर उपाय म्हणजे पुढच्या सीटांच्या मागे उभा लावायचा वारारोधक पडदा. मर्सिडीजने १९८९ साली आपल्या एसएल गाडीसाठी असा पडदा आणला होता. पुढे २००४ च्या एसएलके गाडीत तर सीटच्या डोक्याजवळून मानेवर गरम हवा सोडायची सोय केली. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "आपल्याकडे मफलर आहे."

आम्ही सीटकव्हरवाल्याकडे गेलो. त्याने दोन प्रकार दाखवले. एक पारदर्शक अॅक्रिलिकचा. दिसायला छान, पण धूळ पुसता पुसता त्यावर ओरखडे पडतात आणि रात्री मागच्या गाड्यांचे दिवे त्यात चमकतात. दुसरा बारीक जाळीचा. जाळी वारा पुरता अडवत नाही, त्याचा जोर मोडते. आपण पाणी गाळतो तेव्हा नळाची धार फडक्यातून कशी मऊ होऊन उतरते, तसं. शिवाय जाळी काढून घडी करून ठेवता येते. माझं मत लगेच जाळीकडे झुकलं. किंमत मात्र महिन्याच्या किराण्याइतकी!

म्हणून आधी घरगुती प्रयोग केला. आपल्या भागात मिरची-टोमॅटोचं बियाणं शेडनेटमध्ये घेतात, त्यामुळे नेटचा तुकडा मिळायला वेळ लागला नाही. सीटमागच्या लोखंडी दांड्याला तो पट्ट्यांनी ताणून बांधला. दांड्याला भोक पाडायचं नाही, कारण गाडी उलटली तर तोच आपल्याला वाचवतो. आरशातून मागचं दिसतंय हेही पाहिलं. मग खिडक्या वर करून निघालो. खिडकीची काच वर केली की निम्मा त्रास फुकटात जातो, हे त्याच दिवशी कळलं.

पुढे अगदी शांत! मी खूश होऊन मागे वळले, "आई, कसं वाटतंय?" त्या जाळीपलीकडे डोळे मिटून, दोन्ही हातांनी कान दाबून बसल्या होत्या. त्यांना माझं ऐकूच आलं नव्हतं.

गाडी थांबवली. दोनच सीटांच्या स्पोर्ट्स कारला ही अडचण नसते. चार सीटांच्या गाडीत मात्र पडदा पुढच्या दोघांना सांभाळतो, मागच्याला नाही. काही गाड्यांमध्ये तर तो मागच्या सीटांवरच पसरतो, तिथे माणूस बसूच शकत नाही.

"आई, आधीच्या फेरीतही असंच झालं होतं का? बोलला का नाहीत?"

"तुम्ही दोघं पुढं बोलत होतात. वाऱ्यात माझं कुणाला ऐकू गेलं असतं?"

मी गप्प झाले. आठवडाभर मी माझ्या मानेसाठी पडदे बघत होते. बाजारातला सगळ्यात चांगला आणला असता तरी सासूबाई मागेच राहिल्या असत्या. ह्यांच्या शेजारची सीट माझी, हे लग्नापासून कुणी न ठरवता ठरलेलं. गाडी बदलली, दारं तीन झाली, तरी गुडघे दुखणाऱ्या बाईला वाकवून मागे शिरवताना माझ्या मनात दुसरा विचार आला नाही. वस्तूंचा परिग्रह आपण मोजतो. या सीटचा कधी मोजला नव्हता.

जाळी घेतली, सहज निघणारीच. यात्रेला सासूबाई पुढे बसल्या, मफलर गुंडाळून. मी मागे. साडीऐवजी पंजाबी ड्रेस, डोक्याला घट्ट रुमाल, ओढणी घडी करून पिशवीत. उघड्या गाडीत ओढणी-पदर मोकळा सोडू नका, मैत्रिणींनो. इसाडोरा डंकन ही प्रसिद्ध नर्तकी १९२७ साली फ्रान्समध्ये नीस इथे अशाच गाडीत गेली, गळ्यातला लांब स्कार्फ चाकात अडकून.

गाडी चाळीसच्या पुढे न्यायची नाही असं ठरलं होतं. ऐंशीचा वेग चाळीसवर आणला की वाऱ्याचा रेटा निम्मा नाही, चौथ्या हिश्शावर येतो. पण संथ जायचं आणि दिवस असताना जेवायचं, तर निघायला लवकर हवं. आम्ही तासभर आधी निघालो. सावकाश गेल्याने समोरच्या काचेवर चिलटंही कमी आपटली.

मागे वारा होताच. करमाडपर्यंत माझे कान बधिर झाले. सासूबाई दर थोड्या वेळाने मागे वळून काहीतरी विचारायच्या. ऐकू यायचं नाही, पण ओठांवरून कळायचं, थंडी वाजते का.

येताना करमाडला मी म्हटलं, जाळी काढा आणि छत लावा. सासूबाईंनी एकदा वर पाहिलं आणि म्हणाल्या, "लाव रे. जाताना पाहिलं मी पोटभर." मग घरापर्यंत तिघंही बोलत आलो. दिवस मावळायला अजून अवकाश होता. भाकरी गरम करून जेवलो.

जाळी आता कपाटात आहे. ह्यांना आणि मला दोघांनाच कुठे जायचं असलं की निघते. आई बरोबर असल्या तर पुढची सीट त्यांची.

जय जिनेंद्र.