भिंतीपलीकडचा संगणक

गेल्या वर्षी आमची लेक अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी पुण्याला वसतिगृहात राहायला गेली आणि डोंबिवलीच्या घरात आम्ही दोघेच उरलो. तिला सोडून आल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी माझ्या पतींनी आपला संगणक उचलून तिच्या खोलीत नेला. टेबलावरची तिची पुस्तके नीट बांधून माळ्यावर ठेवली आणि त्या जागी पडदा, कळफलक, हेडफोन मांडले. मी काही बोलले नाही. पण मुलीची पाठ वळून आठवडाही झाला नाही तोच तिची खोली बळकावली, हे मनाला लागून राहिले.

त्यानंतरच्या संध्याकाळी सगळ्या एकसारख्याच गेल्या. ते कार्यालयातून येत, चहा घेत आणि त्या खोलीत जाऊन खेळायला बसत. मी दिवाणखान्यात उत्तरपत्रिका तपासत असे. समोर दूरचित्रवाणी चालू असे, पण तिच्याकडे लक्ष नसे. जेवायला बोलावले तर कानांवर हेडफोन असल्याने हाक पोहोचत नसे. आत जाऊन खांद्याला हात लावावा लागे. त्यांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांची पाठच मला अधिक दिसू लागली होती. त्यातच वार्षिक तपासणीत त्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला. डॉक्टरांनी मिठाविषयी विचारले, चालण्याविषयी विचारले आणि मग म्हणाले, “रात्री झोपता किती वाजता?” ते गप्प राहिले. उत्तर मला ठाऊक होते. रात्रीचा एक.

दिवाळीला लेक घरी आली, ती मैत्रिणीकडून निंटेंडो स्विच हे खेळयंत्र मागून घेऊनच. वहीएवढे ते यंत्र तिने टीव्हीला जोडले, त्याच्या दोन्ही बाजूंचे तुकडे सोडवले आणि एकेक आम्हा दोघांच्या हाती दिला. ‘ओव्हरकुक्ड’ नावाचा खेळ लावला. एका गोंधळलेल्या स्वयंपाकघरात दोघांनी मिळून भाजी चिरायची, शिजवायची, ताटे वाढायची आणि भांडी घासायची, असा त्याचा प्रकार. पाच मिनिटांत आमचे स्वयंपाकघर पेटले. “आई, अगं ते भांडं उतरव! बाबा, तू नुसता उभा का?” असे ओरडत लेक हसून हसून लोळत होती. आम्हीही हसत होतो. असे हसून किती दिवस झाले होते, याचा हिशेब मी त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर केला. तो बरा वाटला नाही.

लेक परत गेली, यंत्रही गेले. काही दिवसांनी पती म्हणाले, “संगणक जुना झालाय, नवं ग्राफिक्स कार्ड घ्यावं म्हणतो.” मी म्हटले, “अहो, तेवढ्याच पैशांत दोघांना खेळता येईल असं काही घेतलं तर?” त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी शाळेतली नोकरी सोडून सर्कशीत जाते म्हणाले होते.

मग आठवडाभर आमच्या घरी या विषयाचा काथ्याकूट चालला. संगणकाची बाजू त्यांनी मांडली, आणि ती खोटी नव्हती. संगणकावर खेळाव्यतिरिक्त कार्यालयाचे काम होते, बँकेचे व्यवहार होतात. खेळ पुष्कळदा सवलतीत मिळतात. एखादा भाग जुना झाला तर तेवढाच बदलता येतो. प्लेस्टेशनसारख्या खेळयंत्राला एवढे पैसे मोजायचे, ते केवळ खेळण्यासाठी. शिवाय त्यासोबत बहुधा एकच कंट्रोलर मिळतो. दुसऱ्याचे पैसे वेगळे. बाहेरच्यांशी इंटरनेटवरून खेळायचे तर अनेक खेळांना वर्गणीही भरावी लागते. मात्र एकाच खोलीत बसून दोघांनी खेळायला ही वर्गणी लागत नाही, हे शोधाशोध केल्यावर आम्हाला कळले. आणखी एक गोष्ट कळली, ती घेणाऱ्यांनी जरूर ध्यानात ठेवावी. वेष्टनावर ‘अनेक खेळाडूंसाठी’ असे लिहिलेला प्रत्येक खेळ एका पडद्यावर दोघांना खेळता येत नाही. कित्येक खेळांना दोन यंत्रे आणि दोन प्रती लागतात. एकाच सोफ्यावर बसून खेळण्याची सोय त्यात आहे का, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे.

माझी बाजू एवढीच होती, की संगणकाचे टेबल एका माणसासाठी असते. एक खुर्ची, एक कळफलक, हातभर अंतरावर पडदा. दुसऱ्याने तिथे फार तर मागे उभे राहावे. त्यावर ते म्हणाले, “संगणकही टीव्हीला जोडता येतो. दोन कंट्रोलर घेऊ, म्हणजे झालं.” त्यांचे म्हणणे बरोबर होते. तेव्हा एक आठवडा तसेच करून पाहायचे ठरले. कंट्रोलर मात्र विकत न घेता त्यांनी कार्यालयातल्या सहकाऱ्याकडून आणले. पहिले दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी मधेच कार्यालयाचा निरोप पडद्यावर झळकला आणि ते उत्तर देण्यात गुंतले. चौथ्या दिवशी ‘जरा एक फाइल पाहतो’ म्हणून संगणक आत गेला, तो पुन्हा बाहेर आलाच नाही. यात यंत्राचा दोष नव्हता. ज्या वस्तूवर अनेक कामे होतात, तिला अनेक जण बोलावतात. शेवटी ग्राफिक्स कार्डाचा बेत रद्द झाला आणि दिवाणखान्यात प्लेस्टेशन आले.

शरीराचा विचार मात्र आधीच करायला हवा होता. उत्तरपत्रिका तपासून माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखणे जडले होते; तिथल्या कंडरांना सूज येते, असे फिजिओथेरपिस्टनी सांगितले होते. माउसचा ताण मनगटावर आणि खांद्यावर येतो, तर कंट्रोलरचा सारा भार अंगठ्यांवर. पहिल्याच आठवड्यात दुखणे उसळले. आता मांडीवर उशी घेऊन कोपर टेकवून मी खेळते आणि अर्ध्या तासाने कंट्रोलर खाली ठेवते. ज्या कळीने अंगठा अधिक दुखतो, तिचे काम यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन दुसऱ्या कळीला नेमून दिले आहे. डोळ्यांसाठी दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहण्याचा नियम पाळतो. आमच्यासाठी ती वस्तू म्हणजे समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची टाकी. आणि साडेनऊला यंत्र बंद होते. दोघे खेळत असलो, की एकाला जांभई आली तरी खेळ थांबतो. एकट्याने खेळताना त्यांना थांबवणारे कोणी नव्हते.

सगळे गोड झाले, असे मुळीच नाही. त्या स्वयंपाकघराच्या खेळात पती मला कार्यालयातल्या शिपायाला सांगावे तशी कामे सांगू लागले. दोनदा मी कंट्रोलर ठेवून उठून गेले. नंतर ते विचारू लागले, “तू काय करतेस? चिरतेस, की धुतेस?” खऱ्या स्वयंपाकघरात हा प्रश्न त्यांनी कधी विचारला नव्हता. आता अधूनमधून विचारतात.

मग आम्ही ‘इट टेक्स टू’ हा खेळ घेतला. २०२१ साली आलेला हा खेळ एकट्याला खेळताच येत नाही. घटस्फोटाच्या वाटेवर असलेले एक जोडपे मुलीच्या आसवांमुळे इवल्या बाहुल्या होते आणि आपल्याच घरातून वाट काढत तिच्यापर्यंत पोहोचू पाहते, अशी त्याची कथा. एका संध्याकाळी खेळता खेळता पतींनी खेळ थांबवला. बराच वेळ ते पडद्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “तिची खोली रिकामी बघवत नव्हती. आत कुणीतरी बसलेलं असावं, म्हणून मी संगणक तिकडे नेला.”

ज्या गोष्टीचा राग मी इतके महिने उराशी बाळगला होता, ती त्यांच्या दुःखाची खूण होती. मी विचारले नव्हते आणि त्यांनी सांगितले नव्हते. त्या दिवशी खेळ पुढे सरकला नाही. आम्ही माळ्यावरची पुस्तके काढून पुन्हा तिच्या टेबलावर लावली आणि संगणकाला कोपऱ्यात जागा केली.

खेळाचे व्यसन होऊ शकते, हे मी विसरलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या ११व्या आवृत्तीत, जी २०२२ पासून लागू झाली, खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींहून खेळाला अग्रक्रम देणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू ठेवणे, या लक्षणांना विकार म्हणून स्थान आहे. तशी शंका आली, तर नवे यंत्र आणण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे.

आमच्यासारखा निर्णय तुमच्यापुढे असेल, तर खर्चाचा आणि वेगाचा तक्ता अवश्य करा. पण त्याआधी घरात एक फेरी मारून दोघे कुठे बसणार, ती जागा पाहा. नोकरीनिमित्त दोन शहरांत राहणाऱ्या जोडप्याला कदाचित आपापला संगणकच सोयीचा पडेल. संगणकाचे टेबल दिवाणखान्यातच असेल, तर दोन कंट्रोलर घेऊन भागेल. आमच्या घरी मधे भिंत होती, म्हणून आम्ही सोफा निवडला.

गेल्या तपासणीत पतींचा रक्तदाब थोडा उतरला होता. श्रेय गोळ्यांचे, सकाळच्या चालण्याचे आणि अकराच्या आत लागणाऱ्या झोपेचे. काल रात्री आमचे स्वयंपाकघर पुन्हा एकदा पेटले. साडेनऊ वाजले होते. ते तसेच जळते ठेवून आम्ही झोपायला गेलो.