मसूरची साक्ष

परवा सांगलीत एका शिक्षक मित्राशी वाद झाला. विषय जुनाच: रामदास शिवाजी महाराजांचे गुरू होते का? मी म्हणालो, पुरावा दाखव. तो चिडला. "एवढ्या लोकांनी लिहून ठेवलंय, ते सगळे खोटे आणि तुम्हीच तेवढे खरे?"

प्रश्न रास्त आहे. त्याला चिडून नव्हे, नीट उत्तर द्यायला हवं.

आमचं गाव वाळवा तालुक्यातलं. शाळेची सहल बह्याला जायची. रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक तिथे कृष्णेच्या बेटावर आहे. गुरुजी गुरु-शिष्याच्या भेटीची गोष्ट अशी सांगत, की जणू ते तिथे उभेच होते. आम्हालाही ती खरीच वाटायची.

अकरावरून दुसरे अकरा आठवतात. अमेरिकेत १८३० साली जोसेफ स्मिथने मॉर्मन पंथाचा ग्रंथ छापला. तो सोन्याच्या पत्र्यांवरून उतरवला, असा त्याचा दावा होता. ते पत्रे पाहिल्याची अकरा जणांची साक्ष ग्रंथातच छापली आहे. त्या अकरांतले नऊ जण स्मिथ आणि व्हिटमर या दोन घरांतले, त्यात एक जावई. विषय संपला, असं मला आधी वाटलं होतं.

पण तो तिथे संपत नाही. आमच्या भावकीतल्या एका मारहाणीच्या खटल्यात माझे चुलते साक्षीदार होते. समोरच्या वकिलाने उलटतपासणीत हेच म्हटलं होतं: साक्षीदार एकाच जातीचे, एकाच घरचे, म्हणून खोटे. तेव्हा माझं रक्त तापलं होतं. केवळ नात्यातला आहे म्हणून साक्षीदार खोटा ठरत नाही, हे आपली न्यायालयंही मानतात. मग जो न्याय चुलत्यांना, तोच त्या नऊ जणांना द्यायला नको का? शिवाय त्यांच्यातल्या काहींचं पुढे स्मिथशी बिनसलं, पंथ सुटला, तरी पहिल्या तीन साक्षीदारांपैकी एकानेही आपली साक्ष मागे घेतल्याचं दिसत नाही. हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

मग फरक कुठे आहे? त्या अकरांनी आपापला वेगळा जबाब दिला नव्हता. तिघांनी मिळून एका आणि आठांनी मिळून दुसऱ्या मजकुराखाली नावं दिली. आणि पत्रे? ते देवदूताला परत केले, असं स्मिथने सांगितलं. म्हणजे पडताळायची वस्तूच उरली नाही. चुलत्यांच्या साक्षीसोबत निदान डॉक्टरांचा दाखला तरी होता.

आता बखरीकडे येऊ. १६४९ साली चाफळजवळ शिंगणवाडीला महाराजांना अनुग्रह मिळाला, अशी परंपरा आहे. ती रंगवून सांगणारी हनुमंतस्वामींची बखर रामदासांनंतर शंभरहून अधिक वर्षांनी लिहिली गेली. लिहिणारा संप्रदायातलाच, आणि घटनेच्या वेळी जन्मालाही न आलेला. उलट केशव गोसावी या रामदासी शिष्याचं १६७२ मधलं पत्र सांगतं, की राजे भेटीला येत आहेत आणि ही त्यांची पहिलीच भेट आहे. त्या 'पहिल्या' शब्दाच्या अर्थावरही वाद आहे. महाराजांनी चाफळला मदत केली असेल, तर ते नाकारायचं कारण नाही. पण देणगी देणं म्हणजे शिष्य होणं नव्हे. मित्र म्हणतो ते 'एवढे लोक' पाहिले, तर बहुतेक एकमेकांचं वाचून लिहिणारे आहेत.

अकरा मारुतींपैकी एक मसूरलाही आहे. आणि त्याच मसूरच्या रेल्वे स्टेशनाबद्दल दुसरी एक साक्ष आहे. १९०१ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामावरच्या वडिलांकडे निघालेला भिवा तिथे उतरला. स्टेशनमास्तरने विचारलं, तेव्हा "आम्ही महार" हे खरं तोंडातून निघून गेलं. मास्तरचा चेहरा बदलला. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं, आणि गाडीही पोरांनीच हाकायची. वाटेत पाणी मिळालं नाही.

हीही साक्ष तपासू. बाबासाहेबांनी ती 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये सुमारे पस्तीस वर्षांनी लिहिली. तेव्हा आपण नऊ वर्षांचे होतो, असं ते म्हणतात. १४ एप्रिल १८९१ पासून मोजलं तर दहा भरतात. आठवणीत एवढी चूक होतेच. पण सांगणारा स्वतः तिथे हजर होता. ज्या मास्तरचा चेहरा बदलला, त्यानेच पुढे गाडीची सोय केली, हे तो लपवत नाही. वडील न येण्याचा दोष तो पत्र द्यायला विसरलेल्या नोकरावर ठेवतो, सवर्णांवर नाही. पाण्यासाठी आपण मुसलमान आहोत असं खोटं सांगितलं, हेही तो कबूल करतो. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० चा त्याचा प्रवेश आजही पाहता येतो. म्हणजे पोरगा साताऱ्यात होता, याला कागदाचा आधार आहे.

मित्राला माझं उत्तर एवढंच: साक्षीदार मोजू नकोस, तपास. तो हजर होता का? त्याने कधी सांगितलं? आणि त्याच्या शब्दाबाहेर काही आधार आहे का? हेच प्रश्न आपल्या माणसांनीही स्वतःला विचारायला हवेत. बाबासाहेबांच्या नावाने खपवलेली वाक्यं आपणही न तपासता पुढे पाठवतो. परंपरेने आलं म्हणून मानू नका, हा बुद्धाचा कालामांना दिलेला उपदेश आपल्यालाही लागू आहे.

पिढ्यानपिढ्या आपल्याकडे पुरावा मागितला गेला. तो आपण दिला. आता आपण मागतो, तेव्हा कुणी चिडू नये.

जय भीम.